डाव्या चाकाची हवा उजव्यात

सावली,
२ ऑगस्ट २०२५

चि. दीपिका हिस अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या आडून एक विनंती.

नववीच्या वार्षिक परीक्षेत संस्कृतच्या शंभरपैकी चौतीस गुण मिळवून माझ्या अध्यापनकीर्तीस ग्रहण लावणारी तू, आज एटापल्लीत लोहखनिजवाहक महारथांच्या चाकांची चिकित्सा करतेस, हे मी गावात साभिमान सांगत असतो. चौतिसाचा उल्लेख टाळतो. आज तोच गुरू त्याच शिष्येपुढे हात जोडून उभा आहे, आणि या दृश्याचा तू यथेच्छ आनंद घ्यावास.

आमच्या करिश्माने चार वर्षांपूर्वी माझ्या संमतीवाचून विवाह केला व मी तीन वर्षे मौन पाळले, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या दिवाळीत मौन सुटले. जूनअखेरीस जामात अतुलराव तिच्यासह कचेरीच्या कामासाठी जर्मनीस गेले. नागपुरात त्यांच्या इमारतीच्या तळघरात पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून आपला विद्युत्-रथ ते माझ्या छपरीत ठेवून गेले. दोन आसने, हळदीसारखा वर्ण, भूमीपासून चार बोटे उंची आणि ध्वनी शून्य. निघताना ते म्हणाले, "सर, गाडी फक्त उभी राहू द्या." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अतुलराव, हा रथ तसूभरही हलणार नाही." त्या मनुष्यास मी दिलेले हे पहिलेच वचन होय.

आता संकट ऐक. रथाच्या फलकावर एक पीतवर्ण दीप लागला आहे. आकृती घोड्याच्या नालेची, आत उद्गारचिन्ह. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांची उद्गारचिन्हे तपासली, परंतु इतके हट्टी पाहिले नाही. फलक म्हणतो की मागील डाव्या चाकात हवा एकतीस, उर्वरितांत बेचाळीस. मी पायपंपाने डाव्या चाकात हवा भरली. दीप गेला नाही. डाव्याचा आकडा हलला नाही. वाढला तो उजव्याचा! पुनः डावीकडे भरली. उजवे सत्तेचाळीसवर गेले. दोन चाकांमध्ये भुयार असावे, असे तुझ्या रुखमाकाकूचे मत. अद्वैत असावे, असे माझे.

अतुलराव पोळ्याच्या दिवशी, बावीस तारखेस येत आहेत. तत्पूर्वी दीप विझला पाहिजे, अन्यथा ते "काय झाले?" विचारतील, आणि तीन वर्षांनी जुळलेले सूत एका उद्गारचिन्हावरून तुटेल.

दूरध्वनी करीत नाही. तुमच्या डोंगरात तो लागत नाही. शिवाय हा रथ इंटरनेटशी जोडलेला आहे आणि घरातले बोलणे ऐकून जामातास कळवतो, असा मला दाट संशय आहे. हे पत्र वाहक वारलूच्या एसटीने येत आहे. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझा चिंताक्रांत,
गोपाल भांडेकर सर


एटापल्ली,
५ ऑगस्ट

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोन खेप वाचलं. पयल्या खेपेले हसली, दुसऱ्या खेपेले समजलं. इथले ड्रायव्हर विचारत होते, कोनाचं पत्र हाये? म्या सांगतलं, आमच्या सरचं, शब्दकोश लागते.

भुयार नाई अन् अद्वैत बी नाई. प्रत्येक चाकात, हवा भराच्या नळीच्या बुडाशी, एक सेन्सर राहाते. त्याले छोटी बॅटरी अन् छोटा रेडिओ. तो दिवसभर एकच बोलते: माह्या नंबर हा, माह्यात हवा इतकी. कोनता नंबर कोन्या चाकाचा, ते गाडीनं पाठ करून ठेवलं राहाते. गाडी स्वतः वाकून पाहत नाई.

आता मी विचारतो ते पाहून सांगजा.

गाडी सुरू केली का बत्ती आधी मिनिटभर लुकलुकते, का सरळ लागूनच राहाते? लुकलुकली तर सेन्सर बिमार. सरळ लागली तर हवा खरंच कमी.

सकाळी, गाडी थंडी असताना, पत्रूकाकाच्या ट्रॅक्टरचा हवा मोजाचा गेज आना अन् चारही चाकं हातानं मोजा. दुपारी मोजू नका, गरमीनं आकडा फुगते. किती पायजे ते दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवून राहाते.

अन् टायरच्या अंगावर एक बाण कोरून राहाते. टायरच्या वरच्या बाजूले पाहाल तर त्याचं तोंड गाडीच्या नाकाकडे पायजे. पाहून सांगा.

आता एक गोष्ट, सर. रागावू नका. गाडी उभी असली का हे सेन्सर झोपतात. पंचवीस-तीसच्या स्पीडनं पाच-दहा मिनिटं चालली तवाच जागतात अन् नवा आकडा पाठवतात. तुमची गाडी तसूभर नाई हालली, तर सत्तेचाळीस आकडा कोनं पाठवला?

तुमची चौतीसवाली,
दीपिका


सावली,
७ ऑगस्ट

चि. दीपिकेस आशीर्वाद, पूर्वीपेक्षा थोडे कमी.

तुझ्या तर्कबुद्धीचा हा अंश नववीत कोठे लपला होता? असो. मी अपराध मान्य करतो. प्रत्यही पहाटे, हवा भरल्यावर, दीप विझला काय हे पाहण्यासाठी मी रथातून एक ग्रामप्रदक्षिणा केली. धार्मिक हेतूने केलेले चलन हे चलन नव्हे, अशी माझी भूमिका आहे. जामातासमोर ती टिकणार नाही, हेही मी जाणतो.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरे. दीप लुकलुकत नाही. ध्रुवताऱ्याप्रमाणे स्थिर आहे. दाराच्या चौकटीवर 'मागील चाके: बेचाळीस' असे लिहिले आहे.

पत्रूचा गेज आणला. तो देताना त्याने "सर, ट्रॅक्टर कवा घेतला?" असे सर्वांदेखत विचारले. आता विस्मय ऐक. गेज म्हणतो, डावे सत्तेचाळीस, उजवे एकतीस. रथ म्हणतो, डावे एकतीस, उजवे सत्तेचाळीस. दोघेही गंभीर चेहऱ्याने सांगतात. मी पाच वेळा मोजले. प्रत्येक वेळी थोडी हवा फुस्स करून गेली, तेवढाच त्या तपासणीचा परिणाम.

बाणांसाठी मी छपरीत उताणा झोपलो. पुढील दोन्ही चाकांचे बाण रथाच्या नाकाकडे आहेत. मागील दोन्ही बाण माझ्या गोठ्याकडे, म्हणजे नेमके विरुद्ध दिशेस, निघाले आहेत. कारखान्यातच चाके उलट बसवली गेली असावीत. मोठ्या कारखान्यांतूनही प्रमाद घडतात.

दिवस पंधरा उरले.

तुझा उताणा पडलेला,
गोपाल सर


एटापल्ली,
१० ऑगस्ट

सर,

कारखाना काऊन बदनाम करता? मागचे दोन चाकं डावं-उजवं बदलले हायेत. डाव्याचा सेन्सर उजवीकडे गेला, पन गाडीच्या डोक्यात तो अजून डावाच हाये. म्हनून ती "डाव्यात हवा कमी" म्हनते, अन् तुमी रोज पहाटे उठून चांगल्या चाकाले फुगवता. बिचारं खरं बिमार चाक उजवीकडे उपाशी बसून हाये. गाडी खोटं बोलून नाई राह्यली, सर. तिले फक्त कोनी सांगतलं नाई का जागा बदलली.

चाकं आपोआप बदलत नाईत. कोनी तरी खोलले. अन् आपल्या भागात खोललेलं चाक जागच्या जागी न लावनारा मानूस एकच हाये: व्याहाड फाट्यावरचा डोमाभाऊ. पंक्चरचं दुकान टाकाच्या आधी तो बैलबंड्या बनवे. बंडीचे चाकं डावे-उजवे बदलत राहायचे, म्हन्जे दोन्ही बाजूनं सारखे घसतात. तेच तो आता मोटारले करते. पत्रूकाकाच्या ट्रॉलीले केलं, ग्रामसेवकाच्या जीपले केलं. कोनी बोललं तर म्हनते, "चाक ते चाक."

पन सर, व्याहाड हाये गडचिरोलीच्या रस्त्यावर. तुमच्या ग्रामप्रदक्षिणेत ते कवापासून आलं? कुठी हवा खायले गेल्ते, सांगून टाका. मी अतुलरावले नाई सांगत.

आता इलाज. डाव्याची हवा सोडा, बेचाळीस करा. उजव्यात भरा, बेचाळीस करा. मंग बालटीत साबनाचा फेस करून उजव्या टायरवर फिरवा. बुडबुडे जिथी निघतील तिथी छेद. काई रुतलं असन तर ओढून काढू नका, तसंच राहू द्या.

मीच येऊन दहा मिनिटांत करून देली असती. पन माह्यी सहा महिन्यांची ट्रायल पंधरा तारखेले सरते. तवरक एकही सुट्टी घेतली का नाव कट. टायरच्या खात्यात पयली पोरगी हाये मी, सारेच वाट पाहून राह्यले का कवा चुकते.

आज रविवार, टेकडीवर जाऊन मायले फोन लावला. "सब बरोबर हाये" म्हने. तीन खेप म्हने. माय एक गोष्ट एकदाच बोलते. तुमी शेजारीच राहाता, जरा पाहून घ्या.

दीपिका


सावली,
१२ ऑगस्ट

चि. दीपिकेस आशीर्वाद.

निदान अचूक! साबणाचा फेस उजव्या चाकावर फिरवताच एका ठिकाणाहून बुडबुड्यांची माला निघाली. रुखमा म्हणाली, "तीस वर्षांत घरचे कपडे नाई धुतले, अन् जावयाचं चाक धुवून राह्यले." फेस पुसला तो आत एक चपटे, चकचकीत मस्तक. बैलाच्या नालेचा खिळा! फलकावर नालेची आकृती आणि चाकात नालेचाच खिळा; या रथाच्या प्रामाणिकपणापुढे मी नतमस्तक आहे.

दोन्ही चाकांत बेचाळीस केली. उजवे सायंकाळपर्यंत अडतीसवर येते (एकतिसाखाली मात्र खिळाच बूच होत असावा), म्हणून दोन्ही वेळा भरतो. दीप कायम. ग्रामप्रदक्षिणा स्थगित.

व्याहाडविषयी. होय, रथ तिकडे गेला होता. गडचिरोलीस एका ग्रंथालयात एक दुर्मिळ कोश पाहायचा होता. मोह अनावर झाला. परतताना मागील चाकांत चिखल इतका बसला की जामातास सुगावा लागेल या भयाने डोमाकडून ती धुऊन घेतली. मी चहा पीत बसलो. त्याने चाके काढली केव्हा आणि लावली कशी, हे मी पाहिले नाही. सुगावा पुसण्याच्या नादात मी तो कायमचा कोरून घेतला, हे आता कळते.

तुझी माय उत्तम आहे. खरोखर उत्तम. अगदी उत्तम. तू ट्रायलवर लक्ष दे.

गोपाल सर


एटापल्ली,
१४ ऑगस्ट

सर,

तुमीही तीन खेप लिहिलं.

वारलूभाऊले म्हटलं होतं, फाट्यावर बस थांबते तवा डोमाभाऊले जरा विचार. आज त्यानं उत्तर आनलं. चिठ्ठी नाई, चप्पल. डोमाभाऊनं सांगून पाठवलं, "सरची पिवळी गाडी धुतली तवा सीटच्या खाली सापडली. सरले द्यायची राहून गेली."

बाईची चप्पल हाये. डाव्या पायाची. निळा पट्टा. पट्टा तुटला म्हनून तांब्याच्या तारेनं बांधलेला. तो तार म्याच बांधला, होळीले घरी आल्ती तवा.

कोन्या ग्रंथालयात माह्यी माय एका चपलेनं गेल्ती?

दीपिका


सावली,
१५ ऑगस्ट

दीपिका,

झेंडावंदन करून आलो आणि लिहायला बसलो. या पत्रात संस्कृत नाही.

एकोणतीस जुलैला दुपारी पत्रूच्या धानाच्या बांधीत रोवणा चालू होता. तुझ्या आईच्या पायाला साप चावला. सावलीच्या दवाखान्यात पहिली इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, गडचिरोलीला न्या, वेळ घालवू नका. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन नुकतीच गेली होती. पत्रूचा ट्रॅक्टर होता. आणि माझ्या छपरीत एक गाडी उभी होती.

अतुलला दिलेल्या शब्दाचा विचार मी केला. किल्ली खुंटीवरून काढेपर्यंत केला.

मी तरुणपणी जीप चालवलेला माणूस. ही गाडी सुरू झाली की नाही तेच कळेना. पाय टेकवला आणि शाळा मागे गेली. तुझी आई शेजारी, पायाला फळी बांधलेली. एकदा म्हणाली, "सर, हे उडनारं इमान हाये का?" वैनगंगेच्या पुलावर तो दिवा लागला. पडद्यावर लिहून आलं की सुरक्षित जागी थांबा. मी थांबलो नाही. तिनं विचारलं, "हे पिवळं काय लागलं?" मी म्हणालो, "काही नाही, गाडीला आश्चर्य वाटलं." ती म्हणाली, "मलेही वाटून राह्यलं."

ते गळकं चाक आम्हाला दारापर्यंत घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. चार दिवस ठेवलं; रुखमा तिच्याजवळ होती. दोन तारखेला घरी आली, त्याच दिवशी मी तुला पहिलं पत्र लिहिलं. आता सूज उतरली आहे. काठी घेऊन चालते आणि काठीला शिव्या देते.

दवाखान्यात शुद्ध नीट आल्यावर तिनं पहिलं काय सांगितलं, माहीत आहे? "पोरीची ट्रायल पंधराले सरते. तिले सांगाल तर मी गोळ्या घेनार नाई." माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. चौदा दिवस तुला चाकांबद्दल विनोद लिहीत राहिलो. तुझ्या प्रत्येक पत्रात तू आईच्या जवळ येत होतीस आणि मला कळत होतं. थांबवायला हवं होतं. किंवा सांगायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही.

आज पंधरा आहे. ट्रायल संपली. म्हणून लिहिलं. चप्पल आली नसती तरी आज लिहिणारच होतो, हे खरं आहे. तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही, हेही खरं.

गोपाल भांडेकर


(रथाच्या स्टिअरिंगला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी)

१९ ऑगस्ट

सर,

तुमी शाळेत होता. काकूनं किल्ली देल्ली. काल आली, आज दुपारच्या बसनं परत चालली. ट्रायल पास झाली. त्याची दोन दिवसांची सुट्टी.

मागचे दोन्ही चाकं खोलले, जागच्या जागी लावले. बाण पाहून घ्या, आता तुमच्या गोठ्याकडे नाईत. खिळा काढला, आतून प्याच लावला. सेन्सरले काई झालं नाई, चांगला हाये. बेचाळीस-बेचाळीस भरली. मंग मायले बाजूले बसवून व्याहाडपर्यंत गेली अन् आली. पुलाच्या आधीच बत्ती गेली. माय म्हने, "सर याच्याहून जोरात हाकत होते."

डोमाभाऊ रस्त्यावर उभा होता. म्हने, दोन मिनिटं थांब, चाकं पाहून देतो. मी थांबली नाई.

अतुलरावले खरं तुमीच सांगजा. गाडीत सारं लिहून राहाते.

मी रागात हाये. तुमी मायले वाचवलं, म्हनून पायाही पडली असती. दोन्ही एकाच दिवशी जमत नाई, म्हनून तुमी शाळेत असतानाच निघाली.

एक वचन पायजे. यापुढे मायचं काईबी असलं, तर पयले मले सांगायचं. तिनं किती शपथा घातल्या तरी. हो म्हना, मंग राग सोडतो.

अन् तो एक मार्क देऊन टाका आता.

दीपिका


सावली,
२४ ऑगस्ट

सौभाग्यशालिनी, चक्रविशारदा, आता स्थायी झालेल्या दीपिकेस अनेक आशीर्वाद.

वचन दिले. राग सोड.

पोळ्याचा वृत्तान्त ऐक. अतुलराव व करिश्मा सकाळी दहा वाजता उतरले. पिशव्या त्यांच्या हातांतच होत्या, आणि मी फाटकात उभा राहून संपूर्ण कबुलीजबाब दिला: सर्प, पूल, दीप, डोमा, साबणाचा फेस. वाक्ये आदल्या रात्री पाठ केली होती; एकही आठवले नाही. करिश्मा मध्येच रडू लागली. अतुलरावांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

दीपिका, माझा संशय अर्धा खरा होता. रथ ऐकत नाही, परंतु दाखवतो. कोठे आहे, किती वेगाने धावतो, कोणत्या चाकात किती हवा, सर्व काही थेट जर्मनीत.

ते म्हणाले, "सर, एकोणतीसला गाडी एकशे दहाने निघाली आणि दवाखान्याच्या फाटकात चार तास उभी राहिली. मला वाटलं तुम्हालाच काही झालं. करिश्माने आईंना फोन केला, तेव्हा कळलं."

रुखमा! पंचवीस दिवस ही स्त्री सर्व जाणून होती आणि माझी साबणाची बालटी भरून देत होती. "मग मला विचारलं का नाही?" मी म्हणालो. करिश्मा डोळे पुसत म्हणाली, "मी म्हटलं याला, थांब. बाबा स्वतः सांगतील."

"पण एक समजलं नाही," अतुलराव म्हणाले. "रोज सकाळी उजव्या चाकात हवा वाढत होती. बेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस. आम्ही तिकडे काळजीत. डाव्याचं कोणी पाहायलाच तयार नाही!" आणि तो मनुष्य फाटकाचा खांब धरून हसला. मी चार वर्षांत त्यास हसताना पाहिले नव्हते. पाहावयास गेलोही नव्हतो.

सायंकाळी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या. पत्रूच्या बैलांना बेगड, झुली, सर्व यथास्थित. तुझी माय काठी टेकीत आली, दोन्ही पायांत चपला, आणि म्हणाली, "मले ज्यानं दवाखान्यात नेलं, ते कुठी हाये?" पाटलांनी आक्षेप घेतला की तोरणाखाली मोटार येत नाही. तिने पाटलांकडे केवळ पाहिले. अतुलरावांनी रथ आणून पत्रूच्या बैलांमागे उभा केला. तिने वाकून फक्त मागील डाव्या चाकास हळदकुंकू लावले. उजव्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. डोमा शेजारीच होता; तो पुटपुटला, "दुसऱ्यालेही लावा बाई, सारखे घसतात." त्यास रथापासून पाच हात दूर धरून ठेवण्यात आले.

रात्री रथ छपरीत लावून मी किल्ली अतुलरावांच्या हाती दिली. त्यांनी ती पुनः खुंटीवर अडकवली. म्हणाले, "बाबा, इथेच राहू द्या. परवा आम्ही नागपूरला बसने जाऊ. दिवाळीपर्यंत गाडी इथे असू द्या. उभी नका ठेवू, चालवत राहा." चार वर्षे मी त्यांचा 'सर' होतो.

दीप विझलेला आहे. दररोज पाहतो. किंचित चुकल्यासारखे वाटते.

चौतिसाचे पस्तीस केले. शाळेच्या दप्तरातील जुन्या गुणपत्रकावर लाल शाईने दुरुस्ती करून खाली सही केली. मुख्याध्यापकांनी कारण विचारले. 'फेरतपासणी' असे लिहिले.

तुझा
गोपाल सर

ता. क. — तुझी माय गुणाबाई काल काठी घरी टाकून पत्रूच्या बांधीत निंदणास गेली, आणि दुपारपर्यंत चिखलात उभी होती. हे तुला कळवणार नाही, अशी तिने माझ्याकडून देवाशपथ घेतली आहे. म्हणून तातडीने लिहीत आहे.